रिकाम्या गाळ्यातला दिवा

काकाजी,

मंगळवारची भेट तुम्ही ठरवली होती, मी नव्हे. फोन तुमचा, जागा तुमची आणि अटही तुमचीच: "आईले घेऊन येजो." त्याआधीच्या शनिवारी तुमचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी त्याला मृत्यू म्हटलं. मी त्याला पळवाट म्हणते, आणि हे रागाच्या भरात नाही, नीट विचार करून म्हणते. मला तुमच्याकडून एकच वाक्य हवं होतं, तेही माझ्या आईसमोर: तेव्हा तो गाळा रिकामा होता. एवढं बोलायला किती श्वास लागतो? तेवढा तरी तुम्ही राखून ठेवायला हवा होता.

शोकसभेला मी आले होते. व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या सभागृहात तुमच्या फोटोला घातलेला हार इतका जाड होता की हनुवटी झाकली गेली होती. कुणी म्हणालं, वर्ध्याचा आधार गेला. कुणी म्हणालं, आम्ही पोरके झालो. कापडाचे जुने व्यापारी उठले आणि गहिवरून म्हणाले, "काकाजीच्या शब्दाशिवाय या गावात कोणाचं शटर वर गेलं नाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. माझी तक्रार नेमकी हीच होती, आणि ती इतक्या लोकांनी एकमताने मान्य केलेली मी प्रथमच पाहत होते.

मग अध्यक्षांनी मला पुढे बोलावलं. "नव्या पिढीच्या, कंप्युटरवाल्या ताई आपल्या भावना व्यक्त करतील." मी हात जोडून नकार दिला. त्यांना वाटलं, मला रडू आवरत नाही. खरं कारण असं की, त्या भावना व्यक्त केल्या असत्या तर तुमच्या फोटोवरचा हार उतरवावा लागला असता. म्हणून इथे लिहिते.

सुरुवात तुम्हाला फार उशिरा आठवली. माझ्याकडे ती पहिल्यापासून स्वच्छ आहे. मी प्राथमिक शाळेत होते. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते दुमजली कॉम्प्लेक्स नुकतंच बांधून झालं होतं आणि त्याच्या पलीकडच्या लहानशा खोलीत तुमचं ऑफिस होतं. गावातली दुकानं, गाळे, गोदामं भाड्याने द्यायची-घ्यायची तर त्या खोलीतूनच. आईला टायपिंग इन्स्टिट्यूट काढायची होती. मराठी आणि इंग्रजी, दोन्ही परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली होती. बंद पडलेल्या एका कचेरीतली जुनी मशीनं तिने घेऊन, तेल घालून, तयार ठेवली होती. कोपऱ्याचा गाळा तिला आवडला होता, कारण त्याला खिडकी होती आणि उजेड डावीकडून येत होता. मी तिचं बोट धरून उभी होते. तुम्ही मला राजगिऱ्याची वडी दिलीत.

"कायचं दुकान टाकता, बाई?"

"टायपिंगचं. मराठी, इंग्रजी, दोन्ही."

"वा! मंग तर पोट्ट्यायची लाइन लागन. मले बी शिकवजा, पत्रं लिहितो सासुरवाडीले." तुम्ही हसलात, आईही हसली. "नाव काय म्हणलं?"

आईने नाव सांगितलं.

"पुरं नाव सांगा ना."

आईने आडनावासह नाव सांगितलं. तुमचा आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. माझ्या हातातली वडीही तुम्ही परत घेतली नाहीत. फक्त मान हलवून म्हणालात, "अरेरे. थोडा उशीर केला तुमी, बाई. गाळा गेला. कालच दिवा लागला, पाहा."

दिव्याचा अर्थ तुम्हाला सांगायची गरज नाही; पण मला मांडणी पूर्ण लागते. आपल्याकडे सौदा पक्का झाला की सामान यायच्या आधी भाडेकरू गाळ्यात संध्याकाळी दिवा लावतो. दिवा दिसला की दुसरा कुणी चौकशी करत नाही. लेखी कराराला लोक मोडता घालतील, त्या दिव्याला घालत नाहीत. तुम्ही एवढंच केलंत की भाडेकरूवाचून दिवा लावलात. गाळ्याच्या मालकाला सांगायचं, गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाइकाला सांगायचं, गाळा गेला. मध्ये दिवा. तुमच्या पसंतीचं आडनाव येईपर्यंत तो जळत ठेवायचा.

माझी शाळा त्याच रस्त्यावर. परतताना मी रोज पाहत असे: शटर अर्धं वर, आत फरशीवर पितळी दिवा, आणि बाकी काही नाही. टेबल नाही, खुर्ची नाही, पाटी नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, वार्षिक परीक्षा आली. मी आईला विचारलं, "आई, तिथं कोण हाये?"

"दिवाच हाये, बेटा," ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

गावाला लागून असलेल्या सिंदी मेघेत, आमच्या घराच्या व्हरांड्यात मशीनं मांडली गेली. पण गल्लीच्या आत टायपिंग शिकायला कोण येतं? दोन-चार ओळखीच्या मुली आल्या, त्यांची लग्नं झाली, मग मशीनांवर प्लास्टिक आलं. मी त्यांच्यावर बाराखडी बडवत वाढले. पुढे भंगारवाला आला तेव्हा आईने शेवटचं मशीन स्वतः उचलून गाडीवर ठेवलं. बाबांना हात लावू दिला नाही, मलाही नाही. काही वर्षांनी तुम्ही आपलं ऑफिसच त्या कोपऱ्याच्या गाळ्यात हलवलंत. आईच्या खिडकीजवळ तुमची फिरती खुर्ची आली. त्या रस्त्याने जाणं आईने सोडलं. ती बाजाराला लांबच्या वाटेने जाई आणि विचारलं तर म्हणे, तिकडे सावली असते.

पुढे मी भौतिकशास्त्र शिकले. त्यात एक गोष्ट पक्की होते: निरीक्षण खरं असणं पुरेसं नसतं, ते दुसऱ्याला दाखवता आलं पाहिजे. माझ्याकडे अनेक वर्षं निरीक्षण होतं, उपकरण नव्हतं. पुण्यात मोठमोठ्या व्यापारी इमारतींसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मी काम केलं, तिथे शिकण्यासारखं ते शिकले आणि परत आले. परत येण्याची कारणं मी सगळ्यांना व्यवस्थित सांगत असे: लहान शहरांचा बाजार मोकळा आहे, स्पर्धा नाही, काचेच्या टॉवरांसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्या शटरवाल्या गाळ्यांना जागा नाही. ही सगळी कारणं खरी होती. पहिलं कारण मात्र पितळेचं होतं.

मी जे बांधलं ते साधं होतं. मालकाने जागेची माहिती भरायची: लांबी-रुंदी, छताची उंची, वीजभार, मालाची गाडी मागे लागते की नाही. भाडेकरूने धंद्याची भरायची. बोलणी पक्की होईपर्यंत कुणालाही कुणाचं नाव दिसत नाही. गुंतवणूकदारांपुढे मी त्याला पूर्वग्रह टाळणारी रचना म्हणते. आज तुम्हाला सांगते, ती रचना एकाच माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केली होती आणि तो माणूस तुम्ही होता.

संघटनेच्या त्याच सभागृहात मी ती पहिल्यांदा दाखवली. तुम्ही पुढच्या रांगेत होता.

"बाई, हे तुयं यंत्र पान खाते का?"

"नाही, काकाजी."

"मंग गिऱ्हाइकाशी बोलन कसं?" सभागृह हसलं. तुम्ही थांबला नाहीत. "आन् आडनाव कुठी लिहाचं यात?"

"आडनावाला जागा नाही."

"मंग माणूस कोणाचा कोण, हे समजन कसं?"

"ते समजायची गरज काय?"

तुम्ही मागे वळून सगळ्यांकडे पाहिलंत. "पोट्टी हुशार हाये बरं. सासरी नाव काढन." यावर जो हशा झाला तो मी विसरलेले नाही. हसणाऱ्यांपैकी निम्मे आज माझे ग्राहक आहेत आणि मी त्यांच्याशी अतिशय सौजन्याने वागते.

शटरला लावायचा बोटाएवढा सेन्सर मालकांनी चोरीच्या भीतीने बसवून घेतला. अवेळी शटर हललं तर मोबाइलवर सूचना येते. मला त्यातून दुसरंच हवं होतं. चालू दुकानाचं शटर दिवसभर वर असतं. बंद दुकानाचं हलतच नाही. आणि एक तिसरा प्रकार असतो: फक्त तिन्हीसांजेला वर, आणि आतला दिवा रस्त्यावरच्यांच्या नजरेस पडला की थोड्या वेळात खाली. माझ्या शाळेच्या वाटेवरची ती संध्याकाळ आलेखावर उमटलेली पाहिली तेव्हा मी खुर्चीतून उठून पाणी प्यायले आणि पुन्हा बसून सगळं तपासलं. मग नागपूरला, पुण्याला राहणाऱ्या मालकांना त्यांच्याच गाळ्यांची स्थिती पाठवली: गाळा रिकामा आहे आणि त्यासाठी विचारणा येत आहेत. दोन्ही गोष्टी एका पडद्यावर. तुमच्याविषयी एक शब्दही लिहिला नाही. लिहावा लागला नाही.

तुमच्या खुर्चीमागे किल्ल्यांचा फळा होता. प्रत्येक खिळ्याला एक गाळा. मालक एकेक करून किल्ल्या मागायला लागले आणि खिळे उघडे पडायला लागले. मी अधूनमधून तुमच्याकडे येत असे. तुम्ही लोकांना सांगायचात, "पोट्टी भांडते मायाशी, पण चहाले येते." काकाजी, चहा तुमच्याकडचा फार गोड असायचा. मी खिळे बघायला येत होते.

भांडण मात्र खरं होतं, आणि ते अर्धवट राहिलं याचा मला राग आहे. सुरुवातीला माझ्या प्रणालीने एका भिंतीला दोन औषधांची दुकानं लावली. तुमचा फोन लगेच आला.

"बाई, दोन मेडिकल शेजारी-शेजारी? आता दोघंबी दिवसभर एकमेकाची तोंडं पाहतीन. गाळा म्हणजे निरी खोली नाई व. शेजार असते तो. मी शेजार जुळवतो."

"तुम्ही आडनावं जुळवता."

"बरं, आडनाव सोड. मंग शेजार कायनं ठरते, सांग."

उत्तर शोधायला मी कामाला लागले: कुणाचा वास कुणाला नको, कुणाच्या गाड्या कुणाच्या दारात लागतात, कुणाचं गिऱ्हाईक उठून कुणाकडे जातं. कोचिंग क्लासजवळ झेरॉक्स चालतं, दातांच्या दवाखान्यावर जिमची धडधड चालत नाही. आज बाहेरच्या शहरांतले मालक आमच्याकडे येतात ते प्रामुख्याने याच भागासाठी. प्रश्न तुमचा होता. हे मी इथे एकदाच लिहिते. प्रणालीवर तुमचं नाव कुठेही नाही आणि कधी असणार नाही. आडनावाविषयी तुमची जी काळजी होती, तिच्याबद्दल ही माझी परतफेड समजा.

आणि जाम गावचं ते गोदाम. महामार्गाच्या फाट्यावर मी मोजमापाची टेप घेऊन उभी आणि गोदामाचा मालक मला आत सोडायला तयार नाही. "बाईमाणसाचं काय काम इथं? कोणाले तरी घेऊन या." मी कुणाला फोन करावा? तुमच्याशिवाय त्याने कुणाचं ऐकलं नसतं, म्हणून तुम्हालाच केला. आयुष्यात इतका कडू फोन मी केलेला नाही. तुम्ही त्याला फोन द्यायला सांगितलंत आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणालात, "आपली पोट्टी हाये ते. आत घे, आन् पाणी दे तिले."

'आपली.' परतीच्या बसमध्ये मी त्या शब्दाने जळत होते. जो शब्द माझ्या आईसाठी तुमच्याजवळ नव्हता, तो मला फुकट मिळाला होता, आणि मिळाल्यावर मला बरं वाटलं होतं. काकाजी, तुमचा द्वेष करणं तुम्ही मला सोपं ठेवलं नाहीत. या एका बाबतीत तुमचे आभार मानावेत की तुम्हाला दोष द्यावा, हे अजून ठरलेलं नाही.

शेवटचा फोन गुरुवारी आला. नेहमीची थट्टा नव्हती.

"तू त्या टायपिंगवाल्या बाईची पोरगी ना व?"

"हो."

"मले आधी काऊन नाई सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं नाही. तुम्ही फक्त आडनाव विचारत होता."

बराच वेळ तुमचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणालात, "मंगळवारी ये. आईले घेऊन येजो."

"कशासाठी?"

"ये तर खरं. सारंच फोनवर बोलाचं असते का?"

तुम्ही काय बोलणार होता? मला तीन शक्यता दिसतात. तुम्ही माफी मागणार होता. किंवा फळ्यावर उरलेल्या किल्ल्या माझ्या हाती देऊन सन्मानाने बाजूला होणार होता. किंवा आईला खुर्ची देऊन, चहा पाजून, सगळं हसण्यावारी नेणार होता: 'जुन्या गोष्टी हायेत, बाई, सोडून द्या.' तुमचा स्वभाव पाहता तिसरी शक्यता मला सर्वाधिक वाटते. पण त्या वेळचा तुमचा श्वास आठवला की पहिली पूर्णपणे खोडता येत नाही. हेच मला सहन होत नाही. शत्रूने एक तर शत्रू म्हणून मरावं, नाहीतर आधी बोलून घ्यावं.

ठरलेला मंगळवार सुतकात गेला. दरम्यान माझ्या पडद्यावर एक नवा गाळा दिसायला लागला. तुमच्या मुलाने, योगेशने, मागे कधीतरी तुमच्या ऑफिसच्या शटरला आमचा सेन्सर बसवून घेतला होता. तुम्हाला ते माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. तेरवी झाल्यापासून रोज तोच नमुना: तिन्हीसांजेला शटर वर, थोड्याच वेळात खाली. प्रणालीने निर्णय दिला: गाळा रिकामा. मला आनंद झाला. तो लपवण्याइतकी मी तुमच्यासारखी मुरलेली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी आई इस्त्रीची साडी नेसून समोर उभी राहिली. "बोलावलं होतं ना त्यायनं? चाल."

"आई, ते गेले."

"मले माईत हाये. मी काय म्हातारी झाली का? बोलावलं होतं, आपण गेलो, एवढं तं होईन."

इतक्या वर्षांनी ती त्या रस्त्याने आली. शटर अर्धं वर होतं. टेबल-खुर्ची योगेशने नागपूरला हलवली होती. त्याची नोकरी तिथे आहे; सध्या तो रजा काढून वर्ध्यात होता. फळा भिंतीवर होता, सगळे खिळे उघडे; उरलेल्या किल्ल्याही मालकांकडे गेल्या होत्या. फरशीवर तोच पितळी दिवा, आणि योगेश काडेपेटी खिशात ठेवत उठत होता.

"या काकू. या ताई. बसायले काहीच नाई राहिलं पाहा."

आई वाकून शटरखालून आत आली आणि थेट खिडकीपाशी गेली. तिने डावीकडच्या भिंतीवर हात ठेवला. "इथं मराठीची मशीनं लावणार होती मी," ती म्हणाली. "अन् तिकडं इंग्रजीची." योगेशला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग आई वळली आणि ज्या आवाजात तिने तुम्हाला विचारलं होतं, त्याच अदबशीर आवाजात विचारलं, "गाळा रिकामा हाये का?"

"हाव काकू, रिकामाच हाये," तो म्हणाला. "कोणाले पाहिजे असन तं सांगजा."

इतकं सोपं होतं ते. त्याला नाव विचारायचंही सुचलं नाही.

आईने मान हलवली. तिने दिव्याकडे बोट दाखवलं. "मंग हा काऊन लावला?"

"बाबा लावत. बंद गाळ्यात अंधार नको म्हणत."

"घरी ने, बेटा. त्यायच्या फोटोपुढं ठेव," आई म्हणाली. "इथं लावला तं लोकायले वाटते, गाळा गेला."

योगेशने वात तेलात ओढली, दिवा थंड होऊ दिला, मग कागदात गुंडाळून पिशवीत घातला. निघताना तो आईच्या पाया पडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी ठेवला नसता. म्हणून तर तुम्ही तिला आणायला सांगितलं असेल.

ते वाक्य मी ऐकलं, काकाजी, पण ते मी तुमचं धरत नाही. तुमच्या मुलाने ते अर्थ न कळता दिलं. तुम्ही अर्थ कळून अडवलं होतं. आईने तुम्हाला मोकळं केलं असेल, तो तिचा अधिकार. माझ्याकडून तुम्हाला मोकळीक नाही. तुमच्या बाजूने बोलणारा तो एक श्वास मी आयुष्यभर ऐकत राहीन आणि त्याला पुरावा मानणार नाही.

आई रिक्षात बसल्यावर मी परत आत गेले, योगेशची परवानगी घेतली आणि फोटो काढले. कोपऱ्याचा गाळा, दर्शनी रस्ता, एक खिडकी, उजेड डावीकडून. भिंतीवरचा फळा फोटोत येत होता. मी तो कापला नाही. तिथेच उभं राहून सगळं प्रणालीवर टाकलं. अंधार पडायच्या आत पहिली विचारणा आली. कोणाची, ते मला दिसत नाही.

तुम्हालाही दिसलं नसतं.